मूठभर बेदाणा

तासगाव,
रविवार, दि. १४ डिसेंबर २०२५

चि. वीरधवल यास,
आईचे आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक हाय, असं पत्रात आधी लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तू बरा असशील. नसलास तरी मला कळायला काय मार्ग न्हाई. माझा मोबाईल पोलिसांनी नेला तो अजून त्यांच्याकडंच पडलाय आणि तुझा त्या दिवसापासनं बंद लागतो. म्हणून कागद घेऊन बसले. बारावीनंतर एवढं सलग लिहायची वेळ आली न्हाई, तवा अक्षराला नावं ठेवू नकोस.

स्ट्रॉबेरी मिळाली. चांदसाहेब ड्रायव्हरची ड्युटी हल्ली महाबळेश्वरच्या गाडीवर हाय. परवा त्यानं स्टँडवरनं निरोप धाडला, वैनी, तुमचा बॉक्स आलाय, घेऊन जावा. कुणी दिला म्हटलं तर म्हणाला, पाचगणीच्या स्टँडवर एकानं दिला, तोंडाला मास्क होता, नाव सांगितलं न्हाई. मी पण पुढं विचारलं न्हाई. बॉक्सची पट्टी दोनदा पीळ देऊन शेवट आत खोवलेला होता. तशी पट्टी अख्ख्या तासगावात दोघंच बापलेक बांधतात, तुझे आबा आणि तू. आबा तर सांगलीच्या जेलमध्ये हायत.

घरी आणून मी काय केलं सांगू? आधी बॉक्स उपडा केला. पेपरवर सगळी स्ट्रॉबेरी ओतली, तळाचा पुठ्ठा काढून बघितला, आणि मग एकेक फळ परत भरलं. चार-पाच फुटली ती मी खाल्ली. आंबट होती, पहिल्या तोडीची असतील. रडूबिडू काय आलं न्हाई, काळजी करू नकोस. हल्ली मला कशाचंच काय वाटत न्हाई. त्या दिवशी दूध उतू चाललं होतं आणि मी समोर उभी राहून बघत होते. शेजारनं रंगुबाई आल्या, त्यांनी गॅस बंद केला आणि वर मलाच बोलल्या, "आवं, ध्यान कुठं हाय तुमचं?" ध्यान कुठंच नव्हतं, काय सांगणार त्यांना.

या पत्राबरोबर डबा धाडतेय. मेथीची भाजी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हाय. चटणीत लसूण जास्त घातलाय, तुला आवडतो तसा. चांदसाहेब खरं तर आता कुणाचंच काय नेत न्हाई. जुलैत आबांना धरलं ते त्याच्याच गाडीपाशी. त्याचा जबाब घेतला, डेपोत चौकशी झाली, तवापासनं कुणी पिशवी पुढं केली की तो हात मागं घेतो. आपल्या स्टँडवरनं शिकाय गेलेल्या पोरांचे डबे, म्हाताऱ्यांची औषधं, लग्नाच्या पत्रिका, सगळं ड्रायव्हरच्या हातानं जात होतं आणि आत काय हाय असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. आता मोडलं ते. मला मात्र तो म्हणाला, "वैनी, डबा नेतो, पण माझ्यासमोर उघडून दाखवा. रागावू नका." मी म्हटलं, रागवायचं काय त्यात. डबा कुणाला द्यायचा तेही त्यानं विचारलं न्हाई. पाचगणीच्या स्टँडवर मास्क लावलेला माणूस येऊन मागंल त्याला द्या, असं मीच सांगितलं.

आबांना गुरुवारी भेटून आले. काचेच्या पलीकडनं फोनवर बोलायचं. बरे हायत, जरा वाळल्यात. सकाळी पाचला उठून फौजेतल्यासारखी कांबळ्याची घडी घालतात म्हणे, ते बघून बराकीतले बाकीचे पण घड्या घालाय लागलेत. मला विचारत होते, द्राक्षांची विरळणी झाली का, घड कसे हायत, भुरी रोग तर न्हाई. बाग यंदा तुझ्या मामानं बघायला घेतलीय. तुझं एका शब्दानं विचारलं न्हाई. मी पण काढलं न्हाई.

केसचं सांगायचं तर आपली वकीलबाई इस्लामपूरची हाय, शिवांजली नाव, तुझ्यापेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठी असंल. चांगली हाय, मला काकू म्हणते आणि एकच गोष्ट तीनदा विचारली तरी करवादत न्हाई. तिच्यापाशी बसून बसून कायदा मला अर्धा पाठ झालाय. अमली पदार्थाच्या कायद्यात वजनावर सगळं असतं. गांजाचं माप किलोत, एमडी म्हणतात त्या नशेच्या पावडरीचं ग्रॅममध्ये. एमडी दोन ग्रॅमपर्यंत असलं तर ते थोडं धरतात. पन्नास ग्रॅमच्या वर गेलं की ते धंद्याचं, मग दहा ते वीस वर्षं. आबांच्या बॉक्समध्ये बेदाण्याखाली सापडलेली पिशवी साठाच्या वर भरली. पन्नास ग्रॅम म्हणजे किती ते माझ्या डोक्यात बसंना, म्हणून दुकानात जाऊन पन्नास ग्रॅम जिरं मागितलं. पुडी तळहातावर मावली. जिरं अजून डब्यात न घालता तसंच ठेवलंय.

दुसरं म्हणजे जामीन. बाकीच्या गुन्ह्यात आज ना उद्या जामीन होतो. इथं मापाच्या वर माल असला की कोर्टाला आधी असं पटाय लागतं, की हा माणूस दोषी न्हाईच आणि बाहेर आल्यावर असलं काय करणार न्हाई. सांगलीच्या कोर्टानं म्हणून जामीन नाकारला. आणखी एक गोष्ट तर मला कितीदा ऐकली तरी खरी वाटंना. ज्याच्या हातात माल सापडला त्याला आत काय हाय ते माहीत होतं, असंच कोर्ट धरून चालतं. माहीत नव्हतं हे त्यानंच दाखवून द्यायचं. मी विचारलं, माहीत नसलेलं दाखवायचं कसं गं बाई? ती म्हणाली, "कुणीतरी लागतं काकू, ज्यानं बघितलंय किंवा ऐकलंय." मग मी दुसऱ्या विषयावर गेले.

तो बॉक्स कुणी भरला ते मी तुला विचारत न्हाई. विचारायला पत्र लिहिलेलं न्हाई. पाचगणीत थंडी लय असंल, तुझा स्वेटर इथंच राहिलाय. पुढच्या वेळी देते.

डबा धुऊन पाठव.

तुझी,
आई


तासगाव,
रविवार, दि. ४ जानेवारी २०२६

चि. वीरधवल यास,
आशीर्वाद.

डबा मिळाला. धुऊन पुसून आला होता, आतल्या रबरापर्यंत. दुसरा पण तसाच आला. नव्या सालाचं तू काय लिहिशील म्हणून मी झाकण दोनदा बघितलं. न्हाई लिहिलंस तर न्हाई. जेवलास एवढं कळलं.

स्वेटर बसला का? दंडात सैल झाला असंल. जून महिन्यात पुण्यासनं आलास तवाच तू निम्मा झाला होतास. रात्रभर जागा असायचास आणि नुसते दात चावायचास, जबडा सारखा हलायचा. मी म्हणायची, मेल्या, खातोस काय एवढं? तू म्हणायचास, बेदाणा. बरं.

आबांचं आरोपपत्र आलं. चांगलं जाडजूड हाय. वकीलबाईनं मला बसवून त्यातला पंचनामा वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, आरोपीने स्वतःहून खोक्यात हात घालून सदर पिशवी काढून दिली. वकीलबाई म्हणाली, "काकू, सगळी केस या ओळीवर उभी आहे. स्वतःहून काढून दिली म्हणजे कुठं ठेवलीय ते त्यांना ठाऊक होतं, असं सरकारी वकील म्हणणार."

ते कसं झालं ते तुला ठाऊक नसंल. तू सकाळीच घरातनं गेलास. मला चांदसाहेबनं सांगितलं, आणि पोलिसांच्या जबाबात पण त्यानं तेच सांगितलंय, फक्त तिथं ते चार ओळीत उरकलंय. म्हणून लिहिते.

आबा बॉक्स घेऊन पुण्याच्या गाडीपाशी गेले. चांदसाहेब तवा पुण्याच्या गाडीवर होता. तो बॉक्स घेणार एवढ्यात साध्या कपड्यातले तिघं-चौघं पोलिस पुढं आले. साहेबानं विचारलं, बॉक्स कुणाचा? आबा म्हणाले, "माझा. आपल्याच शेडवरचा बेदाणा हाय." वरती शिक्का पण होता त्यांच्या नावाचा. मग झडतीच्या आधी विचारतात तसं विचारलं, मोठ्या अधिकाऱ्यासमोर न्हाईतर मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा तुम्हाला हक्क हाय, तसं पाहिजे का? आबा हसले म्हणे. "कशाला साहेब? फौजेत रोज झडती दिलीय. खुशाल बघा." असं म्हणून सही दिली. खिशात चष्मा आणि तंबाखूची पुडी.

मग साहेब म्हणाले, बॉक्स उघडा. आता आपल्याकडं बॉक्स उघडला आणि समोर माणूस उभा असला तर काय करतात, ते तुला सांगाय नको. बाजारात सौद्याला असो, बेदाणा वाळवायच्या शेडवर असो, मागच्या साली भांडलेला असो, त्याच्या हातावर मूठभर बेदाणा ठेवल्याशिवाय आपला हात मागं येत न्हाई. आबांनी पट्टी सोडली. "घ्या साहेब, खाऊन तर बघा, असा हिरवा बेदाणा बाजारात मिळायचा न्हाई," असं म्हणून खालचा चांगला निघावा म्हणून हात खोल घातला आणि मूठ भरून वर काढली. तळहातावर बेदाणे आणि त्यात ती पिशवी.

स्वतःहून काढून दिली ती अशी.

चांदसाहेब सांगत होता, आबा त्या पिशवीकडं बघतच राहिले. साहेबानं विचारलं, हे काय? आबांनी मान वळवून आपल्या घराकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघितलं आणि म्हणाले, "माझंच हाय." हातातले बेदाणे खाली न्हाई टाकले त्यांनी. परत बॉक्समध्ये ठेवले आणि मग दोन्ही हात पुढं केले.

पोलिसांपुढं नुसतं "माझं हाय" म्हटलं तर त्यावरनं शिक्षा होत न्हाई, असं वकीलबाई म्हणते. पण बॉक्स हातात, शिक्का नावाचा, पिशवी त्यांच्याच मुठीतनं निघालेली. त्यापुढं काय उरतं, सांग.

आता जे लिहायचं ते लिहिते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले ते यासाठीच.

त्या दिवशी सकाळी तू दारात बसून बूट घालत होतास. मी आत चहा गाळत होते. तू आबांना म्हणालास, "आबा, तेवढा बॉक्स पुण्याच्या गाडीला द्या, मित्र उतरवून घेईल. उघडू नका हां, पॅकिंग बिघडंल." आबा म्हणाले, "मी कशाला उघडतोय रं." एवढंच. मी चहाचे कप घेऊन बाहेर आले तर तू निघाला होतास. चहा न घेता गेलास.

मी ऐकलंय, वीरू. बाकी कुणी ऐकलेलं न्हाई. घरात आम्ही दोघंच होतो आणि त्यातला एक आत बसलाय.

मी हे कुणाला बोलले न्हाई. पोलिस आले तवा मला विचारलं, बॉक्स कुणी भरला? मी म्हटलं, मला काय ठाऊक न्हाई. भरताना मी बघितलं नव्हतं, ते काय खोटं न्हाई. आबांनी पहिल्या भेटीतच मला सांगितलं, "तू काय ऐकलं न्हाईस. समजलं?" ते लेफ्ट-राइट म्हणताना काढायचे तसल्या आवाजात. मी मान हलवली. पाच महिने झाले, दर गुरुवारी मी मान हलवून येते.

वकीलबाईला मी आडनं आडनं विचारलं. म्हटलं, समजा एखाद्या बाईला घरातलं काय माहीत असलं, तर कोर्टात सांगायलाच लागतं का? ती म्हणाली, नवरा-बायकोचं आपापसातलं बोलणं असंल तर बायकोवर तशी सक्ती न्हाई. मी म्हटलं, आणि आई-पोराचं? तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आईला तशी सूट नाही, काकू." मग चहा मागवला आणि काय विचारलं न्हाई. हुशार हाय पोरगी, तिला कळलं असणार.

म्हणजे बघ, आबांनी जेलमध्ये मला जे सांगितलं ते मी पोटात ठेवू शकते. तू दारात बसून जे बोललास ते न्हाई.

मला राग आला असंल असं तुला वाटंल. यायला पाहिजे होता. मी वाट बघतेय त्याची. रात्री अंथरुणावर पडून म्हणते, ह्या पोरानं बापाचं वाटोळं केलं, आता तरी येऊ दे राग. तो काय येत न्हाई. सकाळी उठते, भाकऱ्या थापते, तुझा डबा भरते.

आज वांग्याचं भरीत हाय. डबा मी स्टँडच्या कट्ट्यावर उघडते, प्रत्येक कप्पा दाखवते, भाकरी उलटी करून दाखवते. चांदसाहेब तोंड दुसरीकडं करून "झालं वैनी, झालं" म्हणतो. मी तरी दाखवते.

एक ओळ लिही. कसली पण.

तुझी,
आई


तासगाव स्टँड,
शनिवार, दि. १७ जानेवारी २०२६

चि. वीरधवल,
आशीर्वाद.

हे मी स्टँडच्या कट्ट्यावर बसून लिहितेय. चांदसाहेबची गाडी लागायला वेळ हाय. शेजारी एक बाई पोराला केळं भरवतेय आणि ते थुंकतंय, त्यामुळं अक्षर हललं तर समजून घे.

मागचा डबा परत आला. भरलेला. भरीत आंबलं होतं, भाकरीवर बुरशी धरली होती. पत्र तेवढं काढून घेतलेलं. म्हणजे वाचलंस. मी डबा घासला आणि संक्रांतीचा तीळगूळ तुझ्या वाट्याचा रंगुबाईंच्या नातवाला दिला.

तुला त्रास द्यायला लिहीत न्हाई. काय ठरलंय तेवढं सांगते, म्हणजे मागनं तू म्हणू नयेस, आईनं सांगितलं न्हाई.

मी वकीलबाईला सगळं सांगितलं. चहा, बूट, बॉक्स, उघडू नका, सगळं. तिनं काय लगेच कागद पुढं केला न्हाई. म्हणाली, "काकू, दोन दिवस विचार करा. मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला की तो मागं घेता येत नाही. काकांसाठी जे दार उघडेल, तेच दुसऱ्या कुणावर तरी बंद होईल." मी म्हटलं, विचार करून झालाय बाई, पाच महिने तेवढंच करत होते. तर सोमवारी अकरा वाजता सांगलीत मॅजिस्ट्रेटसमोर माझा जबाब हाय. तो जोडून मग कोल्हापूरला, आता तिथं हायकोर्टाचं बेंच झालंय, तिथं आबांच्या जामिनाचा अर्ज. मिळंलच असं न्हाई. पण आजपर्यंत त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणीच नव्हतं. ते स्वतः सुद्धा नव्हते.

गुरुवारी आबांना सांगितलं. न सांगता करणं मला जमलं नसतं. त्यांनी मला नावानं हाक मारली. "संयोगिता," म्हणाले. तुला ठाऊक हाय, ते मला कधी नावानं हाक मारत न्हाईत, 'वीरूची आई' न्हाईतर नुसतं 'अगं'. म्हणाले, "पोराचं आयुष्य मातीत जाईल." मी म्हटलं, "आणि तुमचं?" म्हणाले, "माझं जगून झालंय." छप्पन्न वर्षांचा माणूस, वीरू, अजून बोअरची मोटर एकटा वर ओढतो. जगून झालंय म्हणे.

मग म्हणाले, "मी त्याला जन्म दिला, मी निस्तरतो." तवा मला राग आला. पाच महिन्यांनी पहिल्यांदा. काचेवर हात आपटला मी, शिपाई बघाय लागला. म्हटलं, जन्म मी दिलाय. तुम्ही तर तवा बॉर्डरवर होता. त्यावर ते हसले. हसले आणि मग फोन ठेवून, पाठ करून बसले. वेळ संपायच्या आधीच उठून आत गेले. घडी मोडलेला शर्ट होता अंगात. मी तिथंच बसून राहिले.

आता तुझं. मी तुला खोटी आशा दाखवत न्हाई. तू आपण होऊन आलास तरी सुटणार न्हाईस. माल मापाच्या वरचा हाय, तुला पण जामीन होणार न्हाई, शिक्षा दहाच्या आत येत न्हाई. एमडी स्वतः खाणाऱ्याला वेगळं कलम हाय, थोडंसं जवळ असलं आणि बरं व्हायची तयारी असली तर त्याला उपचाराला धाडतात. तू खात होतास हे मला कळलंय, पण बॉक्स तू खायला भरला नव्हतास. वकीलबाईला मी विचारलं, मग आपल्या पायानं येण्यात फायदा काय? ती म्हणाली, चालत आलेला आणि धरून आणलेला, दोघांकडं कोर्ट एकाच नजरेनं बघत न्हाई. माल कुणी दिला, पुण्यात कोण उतरवून घेणार होतं, ते खरं सांगितलं तर त्याचाही विचार होऊ शकतो. होईलच असं कुणी सांगत न्हाई. एवढंच हाय माझ्यापाशी.

आणि मला विचारलं, पोरगा कुठं हाय, तर मी पाचगणी सांगणार. खोटं बोलायचं असतं तर मी घरीच बसले असते.

तू पळालास तर पळ. ह्या पत्रामुळं तुला दोन दिवस मिळतात, ते मला कळतंय. वकीलबाईला हे पत्र ठाऊक न्हाई, आबांना न्हाई, चांदसाहेबला न्हाई. त्याला तर मी यात अजून ओढत न्हाई. कोण मास्क लावून डबा न्यायला येतं ते त्याला पहिल्या दिवसापासनं कळलं असणार, पण त्याला दोन पोरी हायत लग्नाच्या आणि सरकारी नोकरी हाय. म्हणून हा शेवटचा डबा. परत पाठवू नकोस.

गाडी लागली. थांब.

दिला. डब्यात आज भाजी-भाकरी न्हाई. आपल्या शेडवरचा बेदाणा हाय, गेल्या सालचा, आबांनी स्वतः निवडून घरासाठी ठेवलेला. चांदसाहेबसमोर झाकण काढलं आणि माझा हात आपसूक आत गेला. मूठ भरून त्याच्यापुढं केली. तो दचकला. माझ्या मुठीकडं बघत उभा राहिला, मग दोन्ही हातांची ओंजळ केली. खाल्ला न्हाई. शर्टाच्या खिशात घातला आणि बटण लावलं. पत्र मात्र मी हातातच ठेवलंय, शेवटच्या चार ओळी लिहून देते.

उद्या रविवारी दुपारी हीच गाडी पाचगणीहून खाली निघते. त्यात बसलास तर संध्याकाळी घरी पोचशील. जेव. अंघोळ कर, मी पाणी तापवून ठेवते. मी तुला काय विचारणार न्हाई, बोलणार न्हाई. आबांचा इस्त्रीचा शर्ट कपाटात हाय, तुला येईल. सोमवारी सकाळी दोघं एकाच गाडीनं सांगलीला जाऊ, तू मला खिडकीशी बसू दे, मला हल्ली मळमळतं.

न्हाई आलास तर मी एकटी जाईन.

रविवारी रात्री दाराला आतनं कडी घालणार न्हाई. कुत्रं तुला ओळखतंय.

बेदाणा हात घालून खा. तळापर्यंत बेदाणाच हाय.

सोमवारी अकरा वाजेपर्यंत
नुसती तुझी आई,
संयोगिता